दिव्याचा रकाना

दवाखान्यात त्यांना सगळे काटेकाका म्हणत. स्वभाव काटेरी होता म्हणून नव्हे. त्यांच्याइतका मऊ माणूस त्या टेकडीवर दुसरा नव्हता. जिन्याखालच्या खोलीत बसून ते दिवसभर मीटरचे काटे बघत, म्हणून काटेकाका. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं.

दवाखाना बाळंतिणींचा आणि तान्ह्या मुलांचा. खालच्या गावातून टेकडीवर येणारी वीज लहरी पाहुण्यासारखी होती, आली तर आली, नाही तर नाही. म्हणून छतावर सौर पॅनेलांच्या तीन रांगा बसवल्या होत्या आणि जिन्याखाली चोवीस बॅटऱ्या, एकेक गुडघ्याएवढ्या उंचीची. दिवसा पडलेलं ऊन त्यांत साठायचं. मग तेच ऊन लसींचा फ्रिज, वॉर्डातले दिवे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या काचेच्या उबदार पेट्या चालवायचं.

काकांचं काम लक्ष ठेवायचं. भिंतीवर दोन गोल मीटर होते. एक व्होल्टचा, बॅटरीत किती जोर आहे ते सांगणारा. दुसरा अँपिअरचा, उन्हाचा ओघ किती येतोय ते सांगणारा. त्यांच्याखाली तीन दिवे, एकाखाली एक. वरचा लागला म्हणजे बॅटरी भरली, मधला लागला म्हणजे भरतेय, खालचा लागला म्हणजे संपत आली. दर तासाला हे सगळं रजिस्टरात लिहायचं. वेळ, व्होल्ट, अँपिअर, दिवा, असे चार रकाने. आठवड्यातून एकदा बॅटऱ्यांत शुद्ध पाणी घालायचं, टोकांवर जमणारी पांढरट भुकटी पुसायची. संपलं काम.

"नुसतं बसून कंटाळा नाही येत?" स्वयंपाकघरातल्या मावशी विचारायच्या.

"नुसतं कुठे बसतो? आभाळ बघतो की," काका म्हणायचे.

त्या खोलीतून आभाळ दिसत नसे. छताजवळ एक लांबट झरोका होता, त्यातून फक्त उजेडाची पट्टी आत यायची आणि दिवसभरात पश्चिमेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीवर सरकत जायची. पण काकांना आभाळ काट्यावर दिसायचं. ढगाचा लहानसा पुंजका छतावरून गेला की अँपिअरचा काटा झोपेत कूस बदलावी तसा हळूच डावीकडे कलायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. मोठा ढग आला की काटा खाली जाऊन तिथेच विसावायचा. विरळ, पिंजलेले ढग असले तर नुसताच थरथरायचा. पाखरांच्या थव्यानेसुद्धा काटा हलतो असं काका सांगायचे. तो खरंच हलायचा की नाही कोण जाणे, पण त्यांना हललेला दिसायचा.

दुपारी एकच्या सुमाराला बॅटऱ्या भरत यायच्या, आणि मग त्या बोलू लागायच्या. आतलं पाणी बारीक बारीक बुडबुडे सोडायचं, चोवीस तोंडांतून एकच अस्पष्ट कुजबुज उठायची. लांबच्या खोलीत बायका बोलत बसाव्यात आणि शब्द कळू नयेत, पण सगळं ठीक चाललंय एवढं कळावं, तसा तो आवाज. काका डोळे मिटून ऐकत राहायचे. मग आपण खोलीत नसून एखाद्या उबदार तळ्याच्या तळाशी बसलोय, वरून पिवळं ऊन झिरपतंय, असं त्यांना वाटायचं. घड्याळाचा टोला पडला की ते तळ्यातून वर यायचे, आकडे लिहायचे आणि पुन्हा बुडी मारायचे.

सात वर्षं अशी गेली.

आता त्यांच्या मनातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. काकांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही रंग त्यांना एकाच मळकट मधासारखे वाटत. हे त्यांना कळलं ते विसाव्या वर्षी. वडील रेल्वेत सिग्नलवर होते, सगळी हयात हिरवा आणि लाल कंदील दाखवण्यात गेलेली. मुलानेही तेच करावं, अशी त्यांची इच्छा. नोकरीच्या तपासणीत डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, आकडा कुठला? मुलाला आकडा कुठेच दिसेना. मोहरी सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके. डॉक्टरने पान उलटलं, मग दुसरं, मग पुस्तक मिटलं.

घरी येऊन त्याने सांगितलं, "उंचीत कमी पडलो."

बापापेक्षा चार बोटं उंच असलेला मुलगा. वडिलांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बरं. हात धुऊन घे, जेवायला बस." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मुलानेही काढला नाही. असं करता करता चौतीस वर्षं झाली. एखादी गोष्ट न सांगण्याची सवय लागली की ती अंगावरच्या सदऱ्यासारखी होते, आहे हेही जाणवत नाही.

जिन्याखालच्या खोलीत त्यामुळे काही अडलं नाही. दिवे तीन होते आणि तिघांच्या जागा ठरलेल्या. वरचा, मधला, खालचा. रंगाशी काकांना देणंघेणंच नव्हतं.

मग नवीन डबा आला.

बॅटऱ्यांत ऊन किती शिरू द्यायचं ते ठरवणारा जुना कंट्रोलर थकला होता, म्हणून बॅटऱ्या बसवणाऱ्या कंपनीने नवा पाठवला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, आणि त्यावर जुन्या तीन दिव्यांऐवजी मसुराएवढा एकच दिवा. बसवायला आलेल्या इंजिनीअरबाई तिशीच्या, चटपटीत, बोलता बोलता चार स्क्रू पिळून मोकळ्या होणाऱ्या.

"आता एकदम सोपं, काका," त्या म्हणाल्या. "लाल म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. एकच दिवा, तोच रंग बदलतो. हे मीटर काढून टाकू का? आता गरज नाही."

काका पटकन मीटरांपुढे उभे राहिले. "असू द्या हो," ते म्हणाले. "भिंतीला सवय झालीय त्यांची."

बाई हसल्या आणि मीटर राहिले.

त्या दिवसापासून काकांची तारांबळ सुरू झाली. आकडे लिहिताना चौथ्या रकान्यापाशी पेन अडायचं. दिव्याकडे बघावं तर मधाचा एक थेंब, सकाळीही तोच, दुपारीही तोच. कधी मोठ्या सिस्टर खोलीत डोकावून म्हणायच्या, "अरे वा, हिरवा लागला!" तेव्हा काका काट्याकडे बघून ठेवायचे. त्यांनी ताडलं, की ऊन असूनही ओघाचा काटा खाली आला की दिवा हिरवा होतो. मग त्याच अंदाजाने ते लिहू लागले. लाल, लाल, हिरवा, हिरवा. ढगाळ दिवशी मात्र काटा कशाने उतरला, बॅटरी भरल्याने की ढगामुळे, हे कळत नसे. अशा वेळी ते डोळे मिटून काहीतरी लिहायचे. वडिलांचा कंदील आठवायचा. मग पान उलटायचे.

दोन महिने झाले आणि काकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. काय, ते कळेना. घरात रोजचं माणूस गावाला गेलं की वाटतं तसं. एका दुपारी ते नेहमीसारखे डोळे मिटून बसले, तळ्यात उतरायला गेले आणि तळंच सापडेना. डोळे उघडून त्यांनी कान दिला. खोलीत काहीच आवाज नव्हता.

बॅटऱ्या बोलत नव्हत्या.

त्यांनी रजिस्टर मागे चाळलं. जुन्या कंट्रोलरच्या काळात व्होल्टचा काटा दुपारी अठ्ठावन्नला टेकायचा. नवा डबा आल्यापासून तो पंचावन्नच्या पुढे एकदाही गेला नव्हता. उन्हाचा ओघही साडेदहालाच आटत होता, पूर्वी एक वाजायचा. आणि पहाटेचा आकडा, जो वर्षानुवर्षं एकोणपन्नास असायचा, तो पायरी पायरीने उतरत सत्तेचाळीसवर आला होता.

"नवा डबा गुणी आहे हं," सिस्टर म्हणाल्या. "साडेदहालाच बॅटरी भरून मोकळा."

"भरून नाही, सिस्टर," काका हळूच म्हणाले. "दोन घास खाल्ले की ताट काढून घेतंय कुणीतरी. रोज अर्धपोटी उठतात बिचाऱ्या."

सिस्टर हसून निघून गेल्या. बॅटऱ्यांविषयी काका असंच बोलायचे, त्यात त्यांना नवल वाटलं नाही.

त्याच आठवड्यात टेकडीच्या पायथ्याचं वाळलं गवत पेटलं. आग विझली, पण विजेचे सात खांब जळाले आणि धूर मात्र हटेना. सूर्य दिवसभर जुन्या भांड्याच्या बुडासारखा दिसायचा. दवाखान्यातल्या भिंती, चादरी, माणसांचे चेहरे, सगळ्यांवर तपकिरी उजेड पसरला होता, आणि त्या उजेडात माणसंसुद्धा हळू बोलू लागली होती. अँपिअरचा काटा निम्म्यावर येऊन पेंगत राहायचा. काचेच्या पेट्यांत तेव्हा दोन बाळं होती. त्यांतली एक मुलगी जेमतेम दीड किलोची, मुठी छातीशी धरून झोपलेली.

तिसऱ्या सकाळी आकडा साडेशेहेचाळीस होता. शेहेचाळीसला डबा आपोआप सगळं बंद करतो, हे काकांना माहीत होतं. ते रजिस्टर काखेत घेऊन सिस्टरांच्या टेबलापाशी गेले.

"इंजिनीअरबाईंना फोन लावा. आत्ता."

सिस्टरांनी फोन लावला, दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईही राउंड संपवून तिथेच उभ्या राहिल्या. काकांनी भराभर सगळं सांगितलं.

"दिवा कुठलाय?" पलीकडून प्रश्न आला.

"काल दुपारी हिरवाच होता," सिस्टर म्हणाल्या. "धुरातसुद्धा."

"मग बॅटरी पूर्ण भरतेय, काका. धूर आहे म्हणून जरा कमी वाटत असेल. आणि तुमच्या रजिस्टराचा फोटो येतो ना मला दर आठवड्याला. तुम्हीच लिहिलंय, दुपारभर हिरवा, रोज हिरवा. आम्ही तोच रकाना बघतो. तुमचंच रजिस्टर सांगतंय, सगळं ठीक आहे."

आपल्याच हाताने लिहिलेलं आता आपल्याच विरुद्ध साक्ष देत होतं. खरं सांगावं तर दिवे बघायच्या कामावर दिवे न दिसणारा माणूस, उद्या घरी बसावं लागेल. न सांगावं तर... आतल्या खोलीतून काचेच्या पेटीची बारीक घरघर ऐकू येत होती.

"तो रकाना खोटा आहे," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"मला लाल-हिरवा दिसत नाही, बाई. जन्मापासून. तो रकाना मी अंदाजाने भरलाय, तुम्ही डबा बसवला त्या दिवसापासून." आता त्यांना थांबायचं नव्हतं. "तो सोडून द्या. बाकीचे तीन वाचा. वेळ, व्होल्ट, अँपिअर. ते मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिलेत, एकही आकडा मनाचा नाही. आणि दुपारी बॅटऱ्या उकळायच्या, त्यांचा आवाज यायचा. तोही बंद झालाय."

सिस्टर काकांकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन हळूच टेबलावर ठेवलं.

"पंचावन्नच्या पुढे एकदाही नाही?" इंजिनीअरबाईंचा आवाज बदलला होता.

"एकदाही नाही."

"थांबा, मी सगळी पानं बघते." मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "अरे देवा. काका, डब्याच्या आत एक बारीक खटका असतो. बॅटरी कुठल्या जातीची आहे ते डब्याला सांगणारा. तुमच्या बॅटऱ्या पाण्याच्या, आणि मी बहुतेक तो खटका सीलबंद, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्यांवर ठेवलाय. त्यांना पंचावन्न पुरतं. तुमच्या उपाशी राहतायत. चूक माझी आहे. पायथ्याचा रस्ता बंद आहे, मागून वळसा घालून येते. उद्या दुपारपर्यंत पोचते. तोवर जे जे बंद करता येईल ते बंद ठेवा."

फोन बंद झाला. काका खाली मान घालून उभे होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय काय बंद करू शकतो ते सांगा. तुम्हाला ठाऊक."

एवढंच. नोकरीचं नाव नाही, रागाचा शब्द नाही. काकांनी बोटांवर मोजत सांगितलं: पाणी तापवायचं यंत्र, ओसरीतले दिवे, कपडे धुवायचं यंत्र, ऑफिसातला पंखा, संगणक. अर्ध्या तासात दवाखाना निम्मा निजला. फक्त फ्रिज, वॉर्डातला एक दिवा आणि दोन काचेच्या पेट्या जाग्या राहिल्या. सिस्टर काकांच्या मागोमाग जिन्याखाली आल्या.

"काका, एक विचारू? माझ्या स्वेटरला तुम्ही नेहमी 'छान रंग' म्हणता, ते मग काय?"

"छानच असतो तो, सिस्टर," काका ओशाळून म्हणाले. "कुठला ते कळत नाही, एवढंच."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. काकांनाही हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं.

मग ते एकटेच बसले आणि पट्टी घेऊन दोन महिन्यांचा चौथा रकाना पानापानावर उभी रेघ मारून खोडून टाकला. प्रत्येक पानाखाली लिहिलं, 'हा रकाना अंदाजाने भरला होता', आणि सही केली. चाळीस पानं होती. शेवटच्या सहीपर्यंत हात हलका झाला होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको शिवणयंत्रावर होती. ती लोकांचे पडदे आणि लहान मुलांचे कपडे शिवायची. काका दारातच उभे राहिले.

"अगं, तुला एक सांगायचंय. मला लाल आणि हिरवा..."

"सारखेच दिसतात," बायको म्हणाली. यंत्र थांबवलंही नाही. "सांगितलंत एकदाचं."

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाला दोन महिने झाले होते. हिरव्या पडद्याला दोरा आणायला पाठवलं, तर विटकरी घेऊन आलात, आणि वर म्हणालात, अगदी जुळतोय बघ." तिने दोरा दाताने तोडला. "दोऱ्यांच्या रिळांवर मी चिठ्ठ्या चिकटवते, त्या काय गिऱ्हाइकांसाठी वाटल्या?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही एवढी मेहनत घेऊन लपवत होता. मी कशाला मोडता घालू?" ती उठली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "आत या. दारात उभं राहून किती वेळ बघाल?"

दुसऱ्या सकाळी आकडा शेहेचाळीस पूर्णांक दोन दशांश होता. काटा रेघेच्या अगदी काठावर, पण अलीकडे. काकांनी तो तीनदा वाचला, मान वाकडी करून, मग समोरून. उन्हं वर आली तसा तो मुंगीच्या पावलांनी चढू लागला.

इंजिनीअरबाई दुपारी धुळीने माखून पोचल्या. डबा उघडला, नखाएवढा खटका एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवला आणि डबा बंद केला. एवढंच काम होतं. नंतर त्या निघून जातील असं वाटलं, पण त्या काकांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. दोघांनी मिळून काट्याकडे पाहिलं. पंचावन्न आलं आणि काटा थांबला नाही.

पुढच्या दिवशी वारा सुटला आणि धूर पांगला. आभाळ धुतल्यासारखं निघालं, पॅनेलांवर लख्ख ऊन उतरलं. दुपारी दीडला व्होल्टचा काटा अठ्ठावन्नला टेकला आणि खोलीच्या एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून, ती बारीक कुजबुज सुरू झाली. काका डोळे मिटून बसले. जणू कुणी तरी गावाहून परत आलं होतं आणि आतल्या खोलीत सगळ्यांना काय काय सांगत होतं. सिस्टर काही विचारायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या.

वॉर्डात त्या सगळ्या दिवसांत काहीच घडलं नाही. पेट्या उबदार राहिल्या, फ्रिज थंड राहिला. दीड किलोच्या मुलीने पहिल्यांदा जांभई दिली, एवढीच काय ती बातमी. डॉक्टरीणबाईंनी काकांचं काम बदललं नाही. रजिस्टराचा चौथा रकाना बदलला. आता तिथे 'आवाज' लिहायचं ठरलं. काका रोज दुपारी तिथे लिहू लागले: मंद, मध्यम, भरपूर.

महिन्याभराने इंजिनीअरबाईंचा फोन आला. तसेच पांढरे डबे त्यांनी आणखी पाच ठिकाणी बसवले होते, आणि सगळीकडून 'हिरवा' असाच निरोप येत होता. "माझा आता हिरव्यावर विश्वास राहिला नाही, काका. तुम्ही येता का माझ्याबरोबर बघायला?"

काकांनी आठ दिवसांची रजा काढली, सात वर्षांतली पहिली. बायकोने जेवणाचा डबा बांधून दिला. गाडी टेकडी उतरून सपाट, पिवळ्या मैदानातून जाऊ लागली. काच खाली करून काका बाहेर बघत बसले. ढगांच्या सावल्या जमिनीवरून सरकत होत्या. इतकी वर्षं त्यांनी ढग काट्यावर पाहिले होते. त्यांच्या सावल्या एवढ्या मोठ्या, एवढ्या शांत असतात आणि घरांवरून, माणसांवरून, गुरांवरून न थांबता जातात, हे ते विसरूनच गेले होते.

पहिलं ठिकाण एक निवासी शाळा. तिथल्या बाईंनी त्यांना मागच्या कोठीत नेलं. कोठीत बॅटऱ्या होत्या, पांढरा डबा होता, भिंतीवर मीटर नव्हता.

"दिवा तर हिरवाच आहे," शाळेच्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला आणखी काय काय लागेल?"

इंजिनीअरबाई पिशवीतून मीटर काढून तारा जोडू लागल्या. काकांनी वाकून एका बॅटरीला कान लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि सरळ उभे राहिले.

"एक खुर्ची द्या," ते म्हणाले. "आज दिवसभर बसावं लागेल."